नुसते ओठ हलव

आमच्याकडे कापूस फुटतो तेव्हाच शाळेत गाणी सुरू होतात. दिवाळीची सुट्टी संपते, स्नेहसंमेलन डोक्यावर येतं, आणि नेमका तेव्हाच अर्धा वर्ग वेचणीला गेलेला असतो. हजेरी घेताना एकेका नावापाशी थांबावं लागतं. "वावरात गेली मॅडम," मागच्या बाकावरून कोणीतरी सांगतं. जे येतात त्यांच्या बोटांना वाळल्या बोंडांची टोकं लागून ओरखडे पडलेले असतात. ताल धरायला सांगितला की टाळी अगदी हलकी वाजते. मला सुरुवातीला वाटायचं, मुलांचं लक्ष नाही. मग कळलं, हात दुखतात.

यवतमाळहून नेरला जाणाऱ्या सकाळच्या बसमधून मी गेली अठरा वर्षं हा मोसम बघते आहे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असतात. पहिल्या वेच्याच्या दिवशी बाया पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सरीत दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करतात आणि मग ओटी खोचून ओळीत शिरतात. ऊन कोवळं असतं, हवेत गारवा असतो. पाहुण्यांना हे फार सुंदर वाटतं. मलाही वाटायचं. आता ते ऊन खिडकीतून मांडीवर उतरलं की मी जागा बदलून बसते. एका मुलीचा आवाज मी याच दिवसांत मारला. दुसरा सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

ती वर्षं वेगळी होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या बातमीसाठी कधीच यायचं नाही. भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. मुलं त्यावरच झोपायची आणि अंग खाजवत शाळेत यायची. शहरातून गाड्या यायच्या. कॅमेरे यायचे, दप्तरं यायची, बिस्किटांचे खोके यायचे. गाडीतून उतरणारी माणसं मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि हळू आवाजात विचारायची, "यातल्या कोणाच्या वडिलांनी...?" आमचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे हेडसर म्हणत, तेही तितक्याच हळू आवाजात बोट दाखवायचे.

अशाच एका गाडीतून गाण्याचं मशीन आलं. मोठा टीव्ही, एक काळा डबा आणि दोन माईक. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "या मुलांच्या आयुष्यात आनंद यायला हवा." तो खरं तर एक व्हिडिओ गेम होता. पडद्यावर गाणं सुरू व्हायचं, खाली शब्द सरकायचे आणि वर निळ्या पट्ट्या यायच्या, उंच सुराला वर, खालच्या सुराला खाली. आपण गायलो की आपल्या आवाजाची पिवळी रेघ उमटायची. रेघ पट्टीवर बसली की गुण. गाणं संपलं की शंभरपैकी आकडा, आणि एक बाहुला, आकडा मोठा असेल तर नाचणारा, लहान असेल तर मान खाली घालून नकारार्थी हलवणारा. बारा गाणी होती, काही हिंदी, काही इंग्रजी. भारनियमन चुकवून ज्या तासाला लाइट असेल तो संगीताचा तास, असं वेळापत्रक झालं. गणिताच्या सरांचा तास गेला तरी ते हसत वर्गाबाहेर पडायचे, कारण मुलं त्यांना ढकलतच बाहेर काढायची.

मी तेव्हा मानधनावर होते. पेटी वाजवून शंभर मुलांचा गोंगाट सुरात आणणं हे माझं काम, आणि त्यात मी थकून गेले होते. मशीन आलं आणि मला वाटलं, सुटले.

छाया आठवीत होती. नेरच्या अलीकडच्या एका खेड्यातून ती चालत यायची. तिची आई कौशल्याबाई दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची आणि संध्याकाळी विहारात बाया जमल्या की गाणं तीच उचलायची. छाया पाचवीत आली तेव्हा मी सगळ्यांना एकेक गाणं म्हणायला लावलं होतं. बहुतेकांनी प्रार्थना म्हटली. छायानं आईचं, बाबासाहेबांवरचं गाणं म्हटलं. हात पाठीमागे बांधलेले, डोळे खिडकीबाहेर. तिचा आवाज उघडा होता. गोड वगैरे नाही, उघडा, जसं दार पूर्ण उघडावं. ती तालाच्या किंचित मागून यायची आणि सुराला खालून स्पर्श करून वर जायची. ती जागा मला माझ्या गुरुजींनी तीन वर्षं घासून शिकवली होती, आणि तरी मला ती कधी अशी लागली नाही. त्या दिवशी मी "छान" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

माझा आवाज पातळ आहे. परीक्षकांनी विशारदच्या परीक्षेत तोंडावर सांगितलं होतं. दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात ते ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही, हे आज लिहायला हरकत नाही. मी खोकले. माणूस ज्याला मत्सर म्हणतो ते इतकं लहान असतं, इतकं लहान, की आपण त्याला खोकला समजतो.

मशीन आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खोलीचं दार लोटून एकटीच गायले. लहानपणापासून पाठ असलेलं एक संथ हिंदी गाणं त्यात होतं. मन लावून गायले. जिथे थांबावंसं वाटलं तिथे थांबले, एका शब्दावर छोटीशी हरकत घेतली, शेवटचा सूर विरेपर्यंत धरला. पडद्यावर आकडा आला: अडतीस. बाहुल्यानं मान खाली घातली.

मी आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग वायर ओढून काढली.

पुढचे तीन दिवस मी डबा न खाता त्या खोलीत बसले आणि मशीनला काय हवं ते शिकले. सुराला खालून जायचं नाही, थेट पट्टीवर उडी मारायची. रेंगाळायचं नाही. पट्टी संपली की सूर तोडायचा, वाक्य अर्धं असलं तरी. शब्दात जीव ओतायचा नाही, त्याला शब्द कळतच नाहीत. चौथ्या दिवशी मला ब्याण्णव मिळाले. बाहुला नाचला. मी सदतीस वर्षांची बाई, मला त्या बाहुल्याचा नाच बघून बरं वाटलं.

म्हणजे मला माहीत होतं. छायाच्या हातात मी माईक दिला तेव्हा मला सगळं माहीत होतं.

त्या दिवशी वर्ग भरलेला होता. मशीनच्या तासाला वेचणीची मुलंही यायची. नाझिया आधी गायली. तिच्या वडिलांचं स्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिला अठ्ठ्याऐंशी मिळाले. मग छाया उठली. तिनं ते गाणं रेडिओवर ऐकून पाठ केलं होतं. हात पाठीमागे घ्यायची सवय, पण माईक धरायचा म्हणून एकच हात पाठीमागे. ती गायली तेव्हा वर्ग गप्प झाला. पिवळी रेघ पट्ट्यांच्या आसपास भटकत राहिली, खालून वर, मागून पुढे, एकदाही नीट बसली नाही. एकतीस. बाहुल्यानं मान हलवली आणि जो वर्ग एवढा वेळ गप्प होता तो एकदम हसत सुटला.

"मॅडम, मशीन खराब झालं का?" छायानं विचारलं. खोडसाळपणे नाही, खरंच विचारलं.

"आत्ता नाझियाला अठ्ठ्याऐंशी दिले ना त्यानं? मग खराब कसं?"

नाझिया उभी राहिली. "मॅडम, मैंने तो गानंच नाही म्हटलं. नुसतं ऊं ऊं केलं. ह्या डब्ब्याले बोल समजतच नाही."

"नाझिया, खाली बस."

"पन मॅडम, खरंच—"

"खाली बस म्हटलं ना!"

ती बसली. इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या बापाची मुलगी होती ती, तिनं दोन दिवसांत ओळखलं होतं. वर्गात खरं बोलणारी तेवढी एकच. त्या महिन्यात मी तिला पुन्हा माईक दिला नाही.

छायाचं नाव एकतीस पडलं. पाणी प्यायला गेली तरी एकतीस. शेजारच्या प्राथमिक शाळेतली चौथीची पोरंसुद्धा कुंपणाला लोंबकळून ओरडायची, "एऽऽ एकतीस!" हेडसरांनी स्टाफरूमबाहेर सगळ्यांच्या गुणांचा तक्ता लावला. तक्त्यापुढे उभे राहून ते पालकांना सांगायचे, "हे बघा, मशीन कोणाची जात पाहत नाही की कोणाचं घर पाहत नाही. असा निकाल माणसाच्या हातून लागला असता का?"

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माणसानं नापास केलं असतं तर छाया भांडली असती. कौशल्याबाईनं तिला तेवढं शिकवलं होतं. कोणी मागे बस म्हटलं तर काहून म्हणून विचारायचं, कोणी वेगळा ग्लास दिला तर तिथेच ठेवून यायचं. माणसाचा डाव ओळखायला त्या घरातलं लेकरू पाळण्यातच शिकतं. पण मशीनचा डाव कसा ओळखणार? त्याला ना डोळे ना आडनाव. त्यानं एकतीस दिले म्हणजे एकतीसच असणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला नि:पक्षपाती निकाल मिळाला होता आणि तो तिच्या विरुद्ध होता. तिनं तो मानला.

लगेच नाही मानला. दोन आठवडे ती लवकर यायची. सकाळी आईबरोबर दोन ओळी वेचून, केसात कापसाची तुसं घेऊन. मशीनपुढे उभी राहायची. एकोणतीस. तेहतीस. परत एकतीस. एक दिवस माईक खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, कसं म्हणू ते सांगा ना एकडाव. तुम्ही सांगान तसं म्हणतो."

दोन वाक्यांचं काम होतं. थेट उडी मार, पट्टी संपली की सोड. दुसऱ्या दिवशी तिला नव्वद मिळाले असते. किंवा एकच वाक्य, त्याहून सोपं: मशीन चुकतं आहे.

मी म्हटलं, "रियाज कर."

रियाज हा शब्द आमच्यात फार पवित्र. त्याच्याआड काहीही लपवता येतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं हात वर केला नाही.

डिसेंबरअखेर मशीन देणारे लोक कार्यक्रम बघायला येणार होते. समूहगानात गुणानुक्रमे पंधरा मुलं घ्यायची ठरली. पण बाईंचा निरोप आला की फोटोत स्टेज भरलेलं दिसू द्या. म्हणून आणखी वीस मुलं मागच्या ओळीत उभी करायची होती. छाया उंच होती. मी तिला खोलीच्या कोपऱ्यात घेतलं.

"तू मागे उभी राहा. आणि हे बघ, आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव."

"काहून मॅडम?"

"बाकीच्यांचा सूर बिघडतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. मला वाटतं, ती हिशेब लावत होती की काहून हा प्रश्न अजून एकदा विचारायचा का. मग म्हणाली, "बरं मॅडम."

मागच्या ओळीतल्या इतर मुलांना मी हे सांगितलं नव्हतं. ती मुलं बेसूर होती आणि मोठ्यानं गात होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी फक्त छायाकडे बघायचे. तालमीत तिचे ओठ शब्दाला शब्द हलायचे, कुठे मागे नाही, कुठे पुढे नाही, अगदी पट्टीवर बसल्यासारखे. एक दिवस मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "शाब्बास छाया, अशीच." इतकी वर्षं शिकवते आहे, कोणा विद्यार्थ्याला माझ्याकडून याहून वाईट काही मिळालेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कौशल्याबाई दिवसाची मजुरी बुडवून आल्या. धुतलेलं पातळ, केसांना तेल, अंगणात बायांच्या पहिल्या ओळीत बसलेल्या. गाणं सुरू झालं तशा त्या पुढे झुकल्या. मग कानावरचा पदर मागे केला. पूर्ण गाणंभर त्या तशाच झुकून बसल्या होत्या. कॅमेरावाल्यानं त्यांचा फोटो काढला. भारावून गेलेली आई म्हणून तो नंतर कुठेतरी छापूनही आला.

कार्यक्रम झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. छाया त्यांच्या मागे.

"मॅडम, छायीचा आवाज आयकूच नाई आला वं."

"सगळे एकत्र गातात ना बाई. त्यात एकीचा वेगळा कसा ऐकू येईल?"

"आता काय सांगू तुम्हाले. मी वावराच्या या धुऱ्यावर असतो अन् छायी त्या धुऱ्यावर, तरी आयकू येते मले. एवढूशा अंगणात नाई आला?" त्या स्वतःच हसल्या. "मह्येच कान गेले असतीन."

छाया माझ्याकडे बघत होती. तिनं आईला सांगितलं असतं तर कौशल्याबाई तिथेच हेडसरांच्या टेबलावर हात आपटून उभ्या राहिल्या असत्या. तिनं सांगितलं नाही. आपल्या मुलीला सूर नाही हे आईला कळू नये, म्हणून ती गप्प राहिली. आणि मी काय केलं ते कळू नये म्हणून मी. अशा आम्ही दोघी, एका बाईला तिच्या कानांवर संशय घ्यायला लावून उभ्या.

पुढच्या उन्हाळ्यात लाइट गेली ती एकदम दाबानं परत आली आणि टीव्हीतून धूर निघाला. दुरुस्तीला कोणी नेलं नाही. गाड्या येणं कमी झालं होतं, पेपरवाल्यांना दुसरे जिल्हे सापडले होते. मी पुन्हा पेटी काढली. छाया दहावीपर्यंत शाळेत होती. राष्ट्रगीताला मी चोरून तिच्याकडे बघायचे. ओठ हलत असत.

पंधरा वर्षं झाली. मी कायम झाले, केस पांढरे झाले, आता मुलं मोबाईलवर गातात आणि मोबाईल त्यांना गुण देतो. मी स्वतःला कारणं देत आले. नोकरी कच्ची होती. हेडसर मशीनवर खूश होते. मशीन नवीन होतं, कोणाला काय कळत होतं? सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही कारण नाही. माणूस क्रूर होतो तो बहुधा रागाच्या भरात नाही. थकलेला असताना, डबा खाता खाता, दुसऱ्या कोणावर तरी निकाल सोपवून मोकळा होतो.

यंदा जूनमध्ये पाचवीत संबोधी नावाची मुलगी आली. दिवाळीनंतर गाण्यासाठी नावं मागितली तर तिनं सर्वांत आधी हात वर केला. तिचं गाणं ऐकायच्या आधीच पालकसभा होती, आणि तिचा हात धरून छाया आली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. आता ती जवळच्याच गावात अंगणवाडीत आहे. घर बसच्या रस्त्यावर, पत्र्याचं, निळ्या दाराचं.

"मॅडम, हिचं नाव गाण्यातून काटा," ती हसत म्हणाली. "आमच्या घरात सूर नाई. तुमच्या मशीननं सांगतलंतं ना."

"अंगणवाडीत गाणी घ्यावी लागत असतील की."

"मोबाईल लावतो. पोरं नाचतात." मग जरा थांबून म्हणाली, "माय गेली दोन सालाआधी. शेवटी शेवटी म्हणे, एखांदं म्हण ना वं. तिलेही मोबाईलच लावून देल्ला."

संबोधी बाकावर बोटानं ताल धरत होती. बाहेर अंगणात नववीच्या मुली समूहगानाची तालीम करत होत्या. मला वाटलं, आता तरी. पंधरा वर्षं उराशी धरलेलं सांगून टाकलं तर तिचं ओझं उतरेल. खरं म्हणजे माझं.

"छाया," मी म्हटलं, "त्या मशीनवर मला अडतीस मिळाले होते. ते चुकीचं मोजायचं. तुझा आवाज... तुझ्यासारखा आवाज मी शाळेत पुन्हा ऐकला नाही."

ती हसायची थांबली. "कवा?"

"काय कधी?"

"तुम्हाले अडतीस कवा मिळाले? माह्या पयले का माह्या नंतर?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं मला ती जागा दिली होती.

"आधी," मी म्हटलं. "चार-पाच दिवस आधी."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि ते ओझं नव्हतं.

"मले वाटे, मॅडमले तरी काय ठाऊक," ती म्हणाली. "पोट्टे हासले, हेडसरनं कागद लावला, पन मॅडमनं काई केलं नाई, मॅडम भल्या हायेत, असं मी मायले सांगे. एवढी सालं तेवढं एकच चांगलं होतं माह्याजोळ त्या शाळंतलं."

तिनं संबोधीचा हात धरला. दारात चप्पल घालताना संबोधीनं विचारलं, "माय, माहं नाव राहू दे ना वं." छायानं वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावला. दोघी अंगणातून, गाणाऱ्या मुलींच्या बाजूनं, फाटकाकडे गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी संबोधी वर्गात नव्हती. मंगळवारीही नव्हती. वेचणीचे दिवस, म्हणून मी हजेरीत रेघ मारून पुढे गेले. शुक्रवारी ऑफिसात कारकुनाच्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज दिसला. सही छायाची, अक्षर आमच्याच शाळेत वळवलेलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: स्थलांतर.

त्या कुठे गेलेल्या नाहीत. सकाळच्या बसमधून मला रोज ते निळं दार दिसतं, दारात संबोधी वेणी घालून घेत बसलेली असते. नऊ किलोमीटर लांबच्या शाळेची गाडी आमच्या बसच्या पाठोपाठ येते, म्हणून ती घाईत असते. छाया तिच्या मागे उभी राहून केस विंचरते. बस आली की ती मान वर करत नाही.